तवटे अण्णांचं तारतम्य

सकाळी सहाला दिगंबर तवट्यांनी चहाचं आधण ठेवलं, शेगडीचं बटण फिरवलं आणि शेगडीने नुसतं टक् टक् टक् केलं. जाळ नाही. त्यांनी बटण मागे नेलं, पुढे आणलं, बर्नरवर फुंकर मारली, पाइपाला एक चापट दिली. माणसाला घरच्या घरी सुचतात तेवढे सगळे उपाय करून झाले, तेव्हा भिंतीवरची डबी बोलली.

"सुप्रभात, दिगंबरजी. आपला आजचा तारतम्य अंक अठ्ठावन्न आहे. आपल्या सुरक्षेसाठी शेगडी बंद ठेवण्यात आली आहे. आपला दिवस आनंदात जावो."

"चहाशिवाय?" अण्णांनी विचारलं.

डबीला टोमणे कळत नसत. शिवाय ती त्यांना 'दिगंबरजी' म्हणायची, आणि त्या 'जी'ने अण्णांचं डोकं रोज सकाळी न चुकता फिरायचं. अख्खं फलटण त्यांना अण्णा म्हणत होतं. कासार आळीत पुढे बांगड्यांचं दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, आणि या दोन्हींच्या मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अण्णा. बायको, सिंधू, जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी मयूरी पुण्यात. दुकान आता फक्त संध्याकाळी पाच ते सात उघडायचं, पण उघडायचं.

ज्येष्ठ-सुरक्षा कायद्याला चार वर्षं झाली होती. पंच्याहत्तरी ओलांडलेलं माणूस एकटं राहत असेल तर स्वयंपाकघरात 'तारतम्य' बसवायलाच हवं. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, तिला एक डोळा आणि दोन कान. अंक शंभरपैकी. सत्तरच्या वर असलात तर तुम्ही शहाणे. साठच्या खाली घसरलात तर अंक पुन्हा सत्तर ओलांडेपर्यंत शेगडी बंद, आणि घरी तपासणी झाल्यापासून तीन आठवड्यांत ओलांडला नाही तर घराची किल्ली जवळच्या नातेवाइकाकडे, आणि तुम्ही त्या नातेवाइकाकडे किंवा सरकारी स्नेहनिवासात. म्हणजे शेगडी गेली तर चहा जातो, आणि मागोमाग घर.

अण्णांनी मयूरीला फोन लावला.

"अण्णा, मला पण निरोप आलाय," ती म्हणाली. तिचा आवाज आधीच दमलेला होता. "तुम्ही काही खाल्लं का?"

"खाल्लं. डोकं खाल्लं माझं त्या डबीनं. मी काय वेडा झालोय का गं?"

"वेडा कोण म्हणतंय? अंक कमी झालाय."

"कशामुळं?"

"ते नाही सांगत."

तेच तर. अण्णांनी मदत-क्रमांकावर फोन केला. तिथल्या पोराने फार अदबीने समजावलं की चुका कोणत्या ते ज्येष्ठांना कळवत नाहीत, कारण कळवलं तर ज्येष्ठ पाठांतर करतात. "म्हणजे पेपर तपासला, नापास केलं, पण कुठलं गणित चुकलं ते सांगायचं नाही?" अण्णांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "आपल्या भावना नोंदवल्या आहेत." अण्णांनी फोन ठेवला आणि गार पाण्यात साखर ढवळून प्यायले.

मयूरीने मात्र पाठ सोडली नाही. नातेवाईक म्हणून तिला यादी मागायचा हक्क होता. तिने तीन अर्ज केले, दोन परत आले, तिसरा लागला. शनिवारी मूल्यांकन अधिकारी घरी येणार, आणि येताना यादी आणणार असं ठरलं.

*

ही डबी काय करते, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

म्हातारपणी मेंदूला वाळवी लागते तेव्हा ती बहुतेक वेळा आठवणींच्या आधी शब्दांना लागते. माणूस चमच्याला 'ते ढवळायचं' म्हणतो, गरमला गार म्हणतो, दाराला खिडकी. घरातली माणसं हसतात आणि विसरतात. डॉक्टरकडे नेलं तर डॉक्टरसमोर अर्धा तास माणूस शहाण्यासारखं बोलतो, कारण तो अर्धा तास त्याने आठवडाभर जमवलेला असतो. म्हणून काही हुशार लोकांनी ठरवलं की माणसाला दवाखान्यात तपासायचंच नाही. त्याच्याच घरात, त्याच्याच ओट्यापाशी, रोज तपासायचं.

डबीच्या आत शब्दांचा एक नकाशा असतो. प्रत्येक शब्द म्हणजे एक ठिपका. 'चहा' आणि 'कप' शेजारी शेजारी, 'चहा' आणि 'विमान' लांब लांब. डबीचा डोळा समोर काय घडतंय ते बघतो, कान माणूस काय बोलतोय ते ऐकतात, आणि दोन्हींतलं अंतर नकाशावर मोजलं जातं. डबा भरलेला दिसतोय आणि माणूस 'भरलाय' म्हणाला, तर अंतर शून्य. उलटा शब्द वापरला तर अंतर फार, आणि त्याला नाव 'विपर्यास'. दिवसाला एखाद-दुसरा विपर्यास सगळ्यांचाच होतो. रोज व्हायला लागला की अंक घसरतो. बाकीच्या गोष्टीही डबी टिपते, चाल मंदावली का, तोच प्रश्न पुन्हा विचारला का, पण सगळ्यात जास्त वजन विपर्यासाला.

कल्पना वाईट नव्हती. कितीतरी घरांत डबीने वेळेवर सावध केलं होतं. फक्त तो नकाशा बनवला होता शहरातल्या लाखो फोन-संभाषणांवरून, आणि त्या लाखांत कासार आळीतलं एकही माणूस नव्हतं.

*

शनिवारी मूल्यांकन अधिकारी आल्या. रेवती लोखंडे, वय तिशीचं, खांद्याला जड पिशवी, आणि सकाळपासून हे तिसरं घर असल्याचा थकवा चेहऱ्यावर. मयूरी पहाटेच पुण्याहून आली होती. तिने विजेच्या किटलीवर चहा केला. किटलीला डबीची हरकत नव्हती, पण त्या चहाला अण्णांची होती.

"काका, आज वार कोणता?"

"शनिवार. उद्या रविवार आहे आणि तुम्हाला सुट्टी आहे."

"शंभरातून सात वजा करत जा."

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. आणखी खाली नेऊ की पुरे?"

अण्णांनी कागदावर घड्याळ काढलं, काटे अकरा वाजून दहावर लावले. पाच शब्द ऐकले, दहा मिनिटांनी पाचही परत दिले. मग त्यांनीच विचारलं, "मी एक सांगू? तुमचा उजवा हात बांगडीच्या दोन-चार मापाचा आहे. डाव्याला मात्र दोन-सहा लागेल. मनगट कधी मोडलं होतं का?"

रेवतीने बाहीखाली झाकलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. "सातवीत. सायकलवरून पडले होते. तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवी ठेवताना हात वळला की. पन्नास वर्षं तेच बघितलंय. या गल्लीतल्या झाडून सगळ्या बायांची मापं तोंडपाठ आहेत. वारलेल्यांची धरून."

"अण्णा, हे लिहून घ्यायला सांगा," मयूरी म्हणाली.

"याला रकाना नाहीये," रेवती खरोखरच्या दुःखाने म्हणाली, आणि पिशवीतून यादी काढली. "एकशे त्रेचाळीस विपर्यास आणि इतर नोंदी. सहा महिन्यांतल्या. रोजचं एकदाच धरलंय."

मयूरीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"चौदा जानेवारी, सकाळी सात दहा. साखरेचा डबा रिकामा. उच्चार, 'साखर वाढली.' विपर्यास." तिने पान उलटलं. "एकोणीस जानेवारी. दुकानात काचेची बांगडी तुटली. उच्चार, 'वाढली बरं का, असू दे.' विपर्यास. दोन फेब्रुवारी. नारळ फोडताना, 'नारळ वाढवतो.' फोडल्यानंतर नारळाच्या आकारात वाढ आढळली नाही."

तिचा आवाज हलायला लागला होता.

"रोज, घराबाहेर पडताना, 'येतो.' प्रत्यक्षात व्यक्ती जाते. दिशाभ्रम? रोज, संध्याकाळी सात. दुकानाचं दार बंद करताना, 'चला, दुकान वाढवू.' व्यवसायवृद्धीचा भ्रम."

मयूरी खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अण्णा, हे आईचं वाढलं! सगळं आईचं वाढलंच आहे!"

अण्णा हसले नाहीत. त्यांचा संताप आता कुठे जागेवर येत होता. सहा महिने अंक घसरताना बघून ते घाबरलेले होते, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. रात्री अंथरुणात पडून नातलगांची नावं घोकत होते, पाढे म्हणत होते, आणि तिकडे ही सटवी साखरेच्या डब्यावरून त्यांना वेड्यात काढत होती.

"ताई," ते रेवतीला म्हणाले, "घरात संपलं म्हणायचं नाही. सिंधू म्हणायची, संपलं म्हटलं की लक्ष्मी उंबऱ्यावरच थबकते. मीठ वाढलं म्हणायचं, तांदूळ वाढले म्हणायचं. तशी दारातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. आणि आमच्या धंद्यात तर बाईच्या हातातली बांगडी फुटली असं कासारानं मेला तरी म्हणू नये. बांगड्या फोडतात त्या एकाच दिवशी. एरवी ती वाढते. दुकानसुद्धा बंद होत नाही, वाढवतात. कळलं?"

"माझी आजी कुंकू वाढलं म्हणायची," रेवती हळूच म्हणाली. "मी विसरूनच गेले होते."

"मग लिहा तसं. नकाशात घाला तो शब्द."

रेवतीने पेन खाली ठेवलं. "काका, मी शेरा लिहीन. शेऱ्यावर भाषा-समिती बसते. समितीने मान्य केलं की नकाशा बदलतो. साधारण अठरा महिने."

"आणि माझे आठवडे तीन."

"हो."

"तोवर मी कच्चे तांदूळ चावू?"

रेवती जरा घुटमळली. मग सरकारी आवाज बाजूला ठेवून म्हणाली, "काका, तीन आठवडे तुम्ही संपलं म्हणा ना. फुटली म्हणा. अंक आपोआप चढेल. मी हे बोलले असं कुठे सांगू नका."

म्हणजे बरोबर बोलणाऱ्याने चुकीचं बोलायचं, म्हणजे चुकीचं ऐकणारा त्याला बरोबर म्हणेल. चोर सोडून संन्याशाला सुळी. अण्णांनी तसं म्हटलंसुद्धा. रेवतीने मान डोलावली, चहा संपवला, "येते मी" म्हणाली, आणि दारात आपलंच वाक्य ऐकून ओशाळली.

*

ती गेल्यावर मयूरी यादी पुन्हा वाचत बसली. आधी हसत होती, मग हसायची थांबली. तिने पेन घेऊन 'वाढलं'च्या आणि 'येतो'च्या नोंदी खोडायला सुरुवात केली. एकशे एकतीस खोडल्या. बारा उरल्या.

"अण्णा, चहाचे दोन कप मांडता तुम्ही? पाच वेळा लिहिलंय."

"मांडतो. एक तुझ्या आईचा. ती नाही हे मला माहीत आहे. दोन्ही मीच पितो."

"आणि फोटोशी बोलता?"

"तीनदाच लिहिलंय? मग डबी झोपा काढते. मी रोज बोलतो."

चार उरल्या. मयूरी त्या मोठ्याने वाचेना, म्हणून अण्णांनी कागद ओढून घेतला. एका दिवशी त्यांनी फोनवर मयूरीला तिच्या नोकरीबद्दल एकच प्रश्न तीनदा विचारला होता. एका दिवशी किल्ली हातात धरून अकरा मिनिटं किल्ली शोधली होती. आणि दोनदा, फेब्रुवारीत एकदा आणि मार्चमध्ये एकदा: शेगडी पेटलेली, वर भांडं नाही. एकोणीस मिनिटं. चोवीस मिनिटं.

"खोटं आहे," अण्णा म्हणाले. "जिनं नारळ मोजला तिचं काय खरं मानतेस?"

मयूरीने वाद घातला नाही. एरवी ती घालायची. तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली, आणि अण्णांच्या शर्टचं निघायला आलेलं बटण शिवत बसली.

"माझ्याकडे चला म्हटलं तर येणार नाही तुम्ही," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"तुझ्याकडं बाविसाव्या मजल्यावर मी काय करू? गॅलरीतून माणसं मोजू? इथं मला दार उघडलं की माणसं दिसतात, आणि माणसांना मी दिसतो."

"बरं. मग संपलं म्हणा, अण्णा. तीन आठवडे."

*

पहिल्या दिवशी त्यांना जमलंच नाही. पोह्यांचा डबा उघडला, रिकामा होता, आणि तोंडातून जुनाच शब्द निघून गेला. पन्नास वर्षांची सवय ती. सिंधू नवीन लग्न होऊन आली तेव्हा हेच अण्णा एकदा "मीठ संपलंय" म्हणून ओरडले होते, आणि तिने दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर त्यांना बोल लावला होता. तिच्या राज्यात काही संपत नसे. महिनाअखेरीला सगळे डबे खडखडाट वाजायचे, पण संपलेला एकही नसायचा.

ती गेली त्या दिवशी तिला शेवटचा हिरवा चुडा अण्णांनीच भरला. भाऊबंद म्हणाले, दुसऱ्या कासाराला बोलावू. अण्णांनी ऐकलं नाही. गार पडलेला हात दाबून लहान करता येत नाही, हे त्यांना तोवर माहीत नव्हतं. सातवी बांगडी अंगठ्यापाशी तडकली. अण्णा म्हणाले, "वाढली. दुसरी द्या." आणि भरत राहिले.

आता त्यांनी फोटोकडे बघितलं. "तुला नाही म्हणत गं," ते म्हणाले. "त्या डबड्याला म्हणतोय." मग डबीकडे तोंड करून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखं, "पोहे संपले."

"नोंद झाली," डबी म्हणाली.

एकदा जीभ बाटली की मग काय. अण्णांनी धडाकाच लावला. डाळ संपली! तेल संपलं! हिंग संपला! असलेल्या वस्तू मागे लपवून ठेवून रिकामे डबे डबीपुढे नाचवायला लागले. खिडकीखाली भाजी विकणारी मालनबाई दोन दिवस हे ऐकत होती. तिसऱ्या दिवशी ती भाकरी आणि पिठलं घेऊन दारात आली. तिचा चेहरा उतरलेला.

"अण्णा, काय अवदसा आली वं घराला? कधी न्हाई ते सारखं संपलं संपलं लावलंय. सांगायचं तरी न्हाई का?"

अण्णांनी तिला डबीची सगळी हकिगत सांगितली. मालनबाईने डबीकडे बघून बोटं मोडली आणि पिठलं ठेवून गेली. पिठलं चांगलं होतं.

पण दुकानातलं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एक आई लग्न ठरलेल्या पोरीला चुडा भरायला घेऊन आली. आईला स्वतःला तिच्या लग्नात अण्णांनीच भरला होता. पोरीचा हात कडक, कळफलक बडवणारा. अकरावी बांगडी चढताना टचकन गेली. दुकान आणि स्वयंपाकघर यांत नुसता पडदा होता, आणि पडद्यापलीकडे डबी ऐकत होती. काल अंक सहासष्ट होता. अण्णांनी घसा साफ केला.

"फुटली," ते म्हणाले.

आईने पोरीचा हात असा ओढून घेतला की आणखी एक बांगडी गेली. "अण्णा, तुम्ही म्हणता हे? तुम्ही?" पोरीला काहीच कळलं नाही, ती एकदा आईकडे आणि एकदा अण्णांकडे बघत राहिली. अण्णा डबीचं सांगायला लागले, पण ऐकायला दोघी थांबल्या नाहीत. अर्धा चुडा भरलेली नवरी दुकानातून उठून गेली. असं पन्नास वर्षांत झालं नव्हतं. अण्णांनी पाटाभोवतीच्या काचा वेचल्या.

"एक बांगडी फुटली. बरोबर," पलीकडून डबी म्हणाली. "अंक अडुसष्ट."

अण्णांनी तिला जी शिवी दिली ती नकाशात नव्हती.

*

एकविसाव्या दिवशी अंक चौऱ्याहत्तर झाला. शेगडी पेटली. डबीने टाळ्यांचा आवाज काढला. अण्णांनी आलं घालून चहा केला, दोन कप मांडले, दोन्ही प्यायले आणि मयूरीला फोन केला.

"झालो एकदाचा शहाणा."

"छान झालं, अण्णा," ती म्हणाली. तिने पुढे काहीतरी विचारायचं ठेवून दिलं, ते अण्णांना कळलं, आणि त्यांनीही ते तसंच राहू दिलं.

पुढचे नऊ दिवस सुखात गेले. दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी दूध तापवायचं म्हणून शेगडी पेटवली. तेवढ्यात पुढच्या दाराशी कुणीतरी हाक मारली. मालनबाई होती. नातीला सातवा लागला होता, डोहाळजेवणाचा चुडा भरायचा होता, मंगळवारी चालेल का विचारत होती. अण्णांनी तिच्या नातीचं माप न विचारता सांगितलं, दोन-दोन. रंग कोणता, खडा हवा का, गप्पा झाल्या. ती गेली. अण्णा बांगड्यांच्या कपाटातून हिरव्या पेट्या काढत बसले. दोन-दोनची पेटी खालच्या खणात असायची. त्यांनी खण उघडला.

आत दुधाचं पातेलं होतं. झाकण घातलेलं, नीट, पेट्यांच्या ओळीत.

अण्णा ते बघत राहिले. ते कुणी ठेवलं असेल, याचा त्यांनी मनापासून विचार केला. मग उठून पडदा सारला. शेगडी भणभणत पेटलेली होती. वर काही नव्हतं. ओट्यावरचं फडकं जाळापासून चार बोटांवर होतं, आणि त्याची कड तांबूस झाली होती.

त्यांनी बटण बंद केलं. फडकं उचलून घेतलं.

"किती वेळ पेटली होती?" त्यांनी डबीला विचारलं.

"एकतीस मिनिटे, दिगंबरजी."

"आणि तू बोलली नाहीस?"

"आपला अंक सत्तरच्या वर आहे. शहाण्या व्यक्तींना किरकोळ नोंदींसाठी त्रास दिला जात नाही."

अण्णांना हसावं की ओट्यावर डोकं आपटावं ते कळेना. जेव्हा ते नीट होते तेव्हा या बयेने त्यांना वेडं ठरवलं, आणि त्यांनी तिच्यापुढे खोटं बोलून शहाणपण मिळवलं, तर आता ती घर जळताना बघत बसली होती. तिच्यावर ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण ओरडण्यासारखं काही सापडेना. ते पातेलं तिने खणात ठेवलं नव्हतं.

ते सिंधूच्या फोटोखाली स्टुलावर बसले. फडक्याची ती करपलेली कड बोटांनी चोळत राहिले. त्यांना भीती वाटली, अगदी सरळ भीती, लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर वाटली होती तशी. खालच्या अंगाला मालनबाई गरोदर नातीला घेऊन बसायची. वरच्या अंगाला दोन लहान पोरांचं घर होतं. भिंतीला भिंत.

मग त्यांनी फोन लावला.

"मयूरी, कामात आहेस का?"

"बोला ना, अण्णा. काय झालं?"

एवढे आठवडे जीभ वळवून वळवून त्यांनी तो दुसरा शब्द घोकला होता. आता तो अगदी ओठांवर होता, आणि खरा होता. अण्णांनी तो गिळला.

"दुकान वाढवू या म्हणतोय," ते म्हणाले.

मयूरी त्याच दुकानात, त्याच पाटाशेजारी लहानाची मोठी झाली होती. रोज संध्याकाळी सातला ते वाक्य ऐकून ती दप्तर उचलून आत पळायची. तिला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं.

"शेगडी?" तिने विचारलं.

"हं. तुझ्या पर्समधला कागद खरा आहे. शेवटच्या चार नोंदी."

"अण्णा..."

"रडू नकोस. आज नको, मंगळवारी मालनच्या नातीचा चुडा आहे. तेवढा भरतो. नीट भरतो, आणि वाढली तर वाढली म्हणतो. मग तू म्हणशील तसं."

"मी आजच येते," मयूरी म्हणाली. "मंगळवारपर्यंत तिथेच राहते. स्वयंपाक मी करते, तुम्ही शेगडीला हात लावू नका. आलेच मी."

फोन ठेवल्यावर भिंतीवर टिंग झालं.

"अभिनंदन, दिगंबरजी. दुकान वाढवण्याचा आपला विचार नोंदवला आहे. या वयात असा आशावाद दुर्मीळ असतो. आपला अंक आता एकोणऐंशी आहे."

अण्णांनी वर बघितलं. तोंडात दोन-तीन उत्तरं आली होती, चांगली झणझणीत. त्यांनी एकही दिलं नाही.

"बरं बाई," ते म्हणाले.

त्यांनी शेगडीचं बटण बघितलं. बंद होतं. पुढे जाऊन हिरव्या पेट्या पाटाशेजारी मांडल्या, दोन-दोनची सगळ्यात वर ठेवली, आणि परत येऊन बटण पुन्हा बघितलं.